मालिकेत नसलेला पाहुणा

चष्म्याच्या दुकानाचं दार ढकलून तो आत आला. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात त्याची तुटकी दांडी.

"माझं तर जगच अंधारलं हो!" तो दांडीसकट हात छातीवर ठेवून म्हणाला.

आत्याच्या या दुकानात चष्मे दुरुस्त करणारी तिची धाकटी भाची खुदकन हसली. पाहुणा परदेशी, पण बोलणं थेट टीव्हीतलं! पूल बांधायला आलेला हा इंजिनियर इथल्या कौटुंबिक मालिका बघून बोलायला शिकला होता. आणि धाकटी वाढली ती त्याच्या देशातल्या मालिकांवर. तिथलं बर्फ, तिथल्या गल्ल्या – सगळं तोंडपाठ! देव कुणाला कुठल्या वाटेनं भेटवील, त्याचं तोच जाणे.

दांडी बसली, पण चार दिवसांनी पुन्हा ढिली झाली. मग पुन्हा... एकदा त्यानं येताना संत्रं आणलं, सोललं आणि पहिली फोड तिच्यापुढे धरली. धाकटीच्या काळजात लख्ख झालं. त्याच्याकडच्या मालिकांत नायक संत्रं सोलतो ते फक्त प्रेयसीसाठी!

दुसरी फोड त्यानं आत्याला दिली. तिसरी टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनला.

"पण तुमच्याकडे तर..." तिचा चेहरा उतरला.

"ते टीव्हीत! तुमच्या मालिका बघून मी तरी चार महिने आत्याबाईंच्या कारस्थानाची वाट बघतोय."

"कारस्थान?" आत्या कडाडली. "मला दुपारी पाठ टेकायला सवड नाही, मेल्या!"

सगळेच हसले. पण धाकटीच्या मनात सल राहिला. पूल होत आला होता, आठ दिवसांत तो जाणार. आपल्याला आवडला तो हा, की पडद्यावरचा कुणी? चित्रातल्या नदीनं कधी कुणाची तहान भागली आहे का?

"तुमचं घर कसं आहे?" तिनं विचारलं. "खरंखुरं सांगा हं."

"दोन खोल्या. खाली पंपदुरुस्तीचं दुकान. बाबा घोरतात. आई शेजारणीशी वाळत घातलेल्या कपड्यांवरून भांडते. बर्फ नाही – चिखल!"

एकेक चित्र पुसलं जात होतं, आणि नवल म्हणजे, तो जवळ येत होता.

"दांडीचा स्क्रू..." ती खाली बघत म्हणाली, "मीच सैल ठेवायची. तुम्ही परत यावं म्हणून."

त्याला पाठ केलेलं एकही वाक्य सुचेना.

"नदीवर... दुसरा पूल होतोय," तो अडखळला. "तीन वर्षांचं काम. मी... त्या कामासाठी माझं नाव देऊ?"

"द्या." तिनं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. "आजच द्या."