कठड्याची पाहणी

"मी काहीही केलेलं नाही, आणि आज संध्याकाळी शाळेचं मंडळ मला काढून टाकणार आहे."

क्रीडाशिक्षिकेने हे खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. समोर खासगी गुप्तहेर बसली होती. बारीकसारीक गोष्टी अचूक उचलते म्हणून सगळे तिला 'चिमटा' म्हणत. बाजूला तिचे मामा होते. निवृत्तीनंतर घरात लुडबुड नको म्हणून मामींनी त्यांना भाचीचा मदतनीस करून टाकलं होतं.

"सगळं सांगा," चिमटा म्हणाली.

"परवा सकाळी वरच्या मजल्याच्या जिन्याचा कठडा निखळला. सातवीतली मुलगी त्याच्यासकट खाली आली. पाय मोडला बिचारीचा. मंडळ म्हणतं, मुलींच्या धक्काबुक्कीत बोल्ट तुटले आणि मी बघत बसले. आठवड्यापूर्वीच मंडळाच्या तिघांनी तो कठडा स्वतः हलवून पाहिला होता म्हणे."

"तुम्हाला तो कसा वाटायचा?"

"दुखऱ्या दातासारखा डुगडुगायचा! मी मोठ्या बाईंना सांगितलं, त्यांनी मंडळाला सांगितलं. मंडळ म्हणालं, बघू. आता हा डाग लागला तर मला कुठली शाळा उभी करेल?"

मामा कळवळले, पण म्हणाले, "मोठी माणसं आहेत गं ती. उगाच खोटं कशाला बोलतील?"

"मामा, मोठी माणसं उगाच काहीच करत नाहीत. खोटंही कामापुरतंच बोलतात. उठा."

शाळेच्या जिन्यावर उजव्या हाताला कठड्याची रिकामी जागा होती. पायऱ्यांच्या कडेला बोल्टसाठी पाडलेली भोकं तेवढी उरली होती. चिमटाने एकात करंगळी घातली. आत गंज नाही, आट्यांचा ओरखडा नाही.

"तुटलेले बोल्ट कुठे आहेत?"

"एकही सापडला नाही," सोबत आलेली क्रीडाशिक्षिका म्हणाली. "मुलीला दवाखान्यात नेल्यावर मंडळाने जिन्याच्या दाराला कुलूप लावलं. किल्लीही त्यांच्याचकडे होती. आज उघडलं."

वळणावर एक भलंमोठं लोखंडी कपाट उभं होतं. मामांचं पोट तिथे अडकलं.

"हे कुणी ठेवलं?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"मीच. खेळाच्या खोलीत वाळवी लागली म्हणून परवाच सकाळी इथे आणवलं. त्यानंतरच्याच तासाला कठडा गेला."

नियामक मंडळाची खोली तळमजल्यावर, फाटकाला लागूनच होती. म्हणजे सदस्यांना शाळा लागू नये अशी सोय. गुबगुबीत खुर्च्या, गार हवा, बिस्किटांची ताटली. मध्ये काचेखाली शाळेची प्रतिकृती.

"वा! जिना, कठडा, कुंड्यासुद्धा!" मामा हरखले.

"मुलींनी केलीय, जुना जिना असताना. तो पाडून नवा बांधला समोरच्या भिंतीला. अध्यक्षांच्या जावयांनी. तेही मंडळावर आहेत, इमारतीचं तेच बघतात."

चिमटाने पाहणी करणाऱ्या तिघांना एकेकटं गाठलं.

अध्यक्ष आधी स्वतःच्या सत्कारांबद्दल बोलले, मग कठड्याबद्दल. "चढताना डाव्या हाताला आहे ना? मी डाव्याच हाताने गदागदा हलवला. पहाड होता पहाड!"

दुसऱ्या ताईसाहेब. समाजसेवा करत, आणि ती करताना फोटोग्राफर सोबत ठेवत. "कठडा भक्कम होता हो. आणि वळणावरच्या त्या कुंड्या! इतक्या गोड! मी म्हटलंसुद्धा, पाणी घालत जा गं."

तिसरे जावईबापू. "उजव्या हाताला कठडा. वळणावर ते कपाट आहे ना, तिथे अंग चोरावं लागतं. आम्ही तिघं एकामागून एक गेलो. बोल्ट पक्के होते. मुलीच दांडगट!"

बाहेर येताच मामा कुजबुजले, "हा एकटा खरं बोलला गं. बाकीचे दोघे काहीतरीच."

"हो ना? म्हणूनच तो जास्त वाईट."

संध्याकाळी बैठक भरली. जखमी मुलीच्या वडिलांनाही बोलावलं होतं, मंडळाचा न्याय बघायला. अध्यक्षांनी घसा खाकरला. "शिस्तीच्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. या बाई..."

"आधी पाहणीचं बघू," चिमटा मध्येच म्हणाली. "अध्यक्षसाहेब, खरा कठडा उजवीकडे होता. डावीकडे आहे तो ह्या काचेखाली. ताईसाहेब, जिन्यावर कुंड्या नाहीत. त्याही इथेच, कागदाच्या. पाणी घालू नका, लगदा होईल."

मामांचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे यांनी खेळण्याची पाहणी केली?"

"टेबलाभोवती एक चक्कर आणि बिस्किटं. झाली पाहणी!"

"पण मी तर नीट वर्णन केलं," जावईबापू पुढे झाले.

"फारच नीट. कपाटासकट. कपाट तिथे आलं ते अपघाताच्या सकाळी. आठवड्यापूर्वीच्या पाहणीत तुम्ही त्याच्यापाशी अंग कसं चोरलंत? तुम्ही जिना चढलात तो अपघातानंतर, कुलूप उघडून."

"मी... मी बोल्ट बघायला गेलो होतो."

"कुठले? त्या भोकांत बोल्ट कधी गेलेच नाहीत. गेले असते तर गंज दिसला असता, निदान आट्यांची खूण. तुम्ही कठड्याच्या पट्ट्या नुसत्या सिमेंटने चिकटवल्यात. मुलगी पडल्यावर तेच तुकडे झाडून आणायला वर गेलात. मग तुटलेल्या बोल्टची गोष्ट रचलीत, आणि हे दोघं 'हो हो' म्हणाले. एकाला जावई वाचवायचा होता, दुसरीला खुर्ची."

जावईबापूंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी बिस्किटांकडे.

"आम्ही विश्वास ठेवला," अध्यक्ष पुटपुटले. "आमचं काम देखरेखीचं. प्रत्येक बोल्ट का बघायचा आम्ही?"

"शाळा चालवायला मोठ्या बाई आहेत. तुमचं काम एकच, विचारायचं. कुणी बांधलं? कुणी तपासलं? मुली सुखरूप आहेत का? बाई ओरडून सांगत होत्या, तेव्हा एकाने नुसतं 'दाखवा बघू' म्हटलं असतं तरी तो पाय धड राहिला असता. जिना जावयाला दिलात, तपासणीही त्यालाच. मग तुम्ही इथे शोभेला बसता का? शोभा तरी कुठे आहे?"

मुलीचे वडील उठले. "मी पोलीस चौकीत चाललोय," ते जावईबापूंना म्हणाले. "तुम्ही येता, की त्यांना इकडे पाठवू?"

जावईबापू मान खाली घालून निघाले. अध्यक्षांनी घाईने जाहीर केलं, "बाईंवरचा आरोप मागे घेतला. बैठक संपली."

"संपली?" क्रीडाशिक्षिका दारातच उभी होती. तिचा आवाज मैदानावरचा होता, खोलीला मोठाच पडला. "राहिलेली पाहणी कोण करणार? चला वर. भिंतीला धरून, एका रांगेत!"

नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पहिल्याच वळणावर ताईसाहेब भिंतीला पालीसारख्या चिकटल्या. अध्यक्षांनी डोळे मिटले.

"पडलो तर?" ते कापऱ्या आवाजात म्हणाले.

"मग आम्ही चौकशी करू," बाई म्हणाल्या, "तुम्ही धक्काबुक्की करत होतात का त्याची."