हितं कुणी मनाली न्हाय

ही माझ्या स्वतःच्या घरात घडलेली गोष्ट आहे. कुणाच्या मामाच्या मित्राची नाही. माझं नाव मीना. पटवून द्यायचं म्हणून सांगत नाही. घडलं तसं सांगते.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. भर दुपार होती.

साल १९९६, जानेवारी संपत आला होता. आम्ही बिद्रीजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. माझे मालक, कृष्णात, साखर कारखान्यात कामाला होते. गळीत हंगाम चालू असला की कारखान्याची घरघर रात्रंदिवस असायची. इतकी, की ती ऐकू येते हेच विसरायला व्हायचं. चिमणीतली काजळी उडून दारात पडायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायची.

माझी पहिली मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती.

सोनम.

नाव मीच ठेवलं होतं. आमच्या आई-आज्यांची नावं अनुसया, भागीरथी, हौसाबाई. मला तसलं जुनं काही नको होतं. सोनम म्हणजे सोन्यासारखी, असं मला वाटायचं. खरा अर्थ काय ते अजून माहीत नाही. त्या वर्षी आमच्या गल्लीत आणखी दोन सोनम झाल्या.

त्या दुपारी मी भाकरी थापत होते. सोनम पाळण्यात झोपली होती.

अचानक काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं...

घरघर थांबली होती.

मग दारातून हाक आली.

"सोनम..."

बाईचा आवाज. म्हातारा नाही, तरणाही नाही. शेजारची कुणीतरी असेल म्हणून मी आतूनच म्हणाले, "झोपलीया ती. या की आत."

कुणी आलं नाही.

घरघर परत सुरू झाली.

संध्याकाळपासून सोनमनं दूध ओढणं सोडलं. ताप नाही, रडणं नाही. गारगोटीला डॉक्टरांना दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही. सकाळी ती गेली.

मला रडू आलं नाही. बायका म्हणत होत्या, हिला कुणीतरी रडवा. मी भांडी घासत बसले.

दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली. या वेळी नाव मालकांनी आणलं. कटिंगच्या दुकानात कॅलेंडरवर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं, त्याखाली गावाचं नाव होतं. मनाली.

मालकांना बहीण नाही. म्हणून बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला त्यांची आत्या आली. खरं नाव धोंडूबाई, पण सगळे तिला आक्काच म्हणायचे.

आक्का पाळण्यावर वाकल्या. कानात कुर्रर्र केलं. मग हळूच एक शब्द म्हणाल्या.

तो मनाली नव्हता. मी जवळच होते.

"काय नाव सांगितलंसा, आक्का?"

"दगडी."

मालक चिडले. "दगडी काय, आक्का? शाळंत पोरं हसतील की तिला."

"हसू देत. हसायला ती असली म्हंजे झालं."

बायका जेवायला बसल्या, तेव्हा आक्का माझ्याजवळ येऊन टेकल्या.

"माझ्या आधी आईची चार लेकरं गेली. सुंदरा, चंपा, कमळा, मैना. सगळी गोड नावं. माझ्या टायमाला तिनं धोंडू ठेवलं. आमच्या भावकीत एक केराबाई हुती. जल्मल्याबरोबर केरात ठेवून परत उचललेली. म्हातारी होऊन मेली ती. धोंड्याला न् केराला कोण हाक मारतंय, पोरी?"

हाक म्हटल्यावर मी त्यांच्याकडं बघितलं. त्या दुपारचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आक्का बारशानंतर गावी परतल्या नाहीत. आमच्याकडंच राहिल्या.

मला कशाचंच काही वाटत नव्हतं. मी मनालीच म्हणायचे.

पंधरवडा गेला असेल. दुपारची वेळ. बाळ माझ्या मांडीवर, आक्का तांदूळ निवडत बसलेल्या.

घरघर थांबली...

आक्कांचा हात सुपातच थांबला.

"मनाली..."

तोच आवाज. उंबऱ्याच्या पलीकडून.

माझं तोंड उघडायच्या आत आक्कांनी त्यावर हात ठेवला. हात थंडगार होता. मग दाराकडं बघत त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, जसं चुकलेल्या पावण्याला सांगावं...

"हितं कुणी मनाली न्हाय. दगडी हाय."

काहीच आवाज नाही. बाळाचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

मग बाहेरून, जरा लांबून...

"दगडी?"

आक्कांचा हात माझ्या तोंडावर तसाच होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. घरघर सुरू झाली, तेव्हा आक्कांनी हात काढला.

मी बाहेर गेले. शेजारची चाँदबी तिच्या पायरीवर गोधडी शिवत बसली होती.

"भाभी, आमच्या दारात कोण आलतं?"

"कोन न्हाय गं. मी सकाळधरनं हितंच हाय."

आमच्या उंबऱ्याबाहेर काजळीचा थर होता. पाऊल सोडा, त्यावर चिमणीचीही नखं उमटलेली नव्हती.

"कोण हाय ती?" मी आक्कांना विचारलं.

"ठावं न्हाय. माझ्या आईलाबी ठावं न्हवतं."

त्या दिवसापासून घरात सगळे तिला दगडीच म्हणायला लागलो. मालकसुद्धा. ती जगली. चालायला लागली, बोलायला लागली. मधे आक्का वारल्या.

मग २००४ चा हंगाम आला. दगडी सहा वर्षांची होती. त्या दुपारी मी तिची वेणी घालत होते.

घरघर थांबली.

मी तिला ओढून घट्ट धरलं. केस ओढले गेले म्हणून ती कुरकुरली. मी दाराकडं बघत राहिले. काय बोलायचं ते माझ्या ओठांवर तयार होतं...

"सोनम..."

हाक घराकडं नव्हती. रस्त्याकडं होती.

आणि आमच्या नळाजवळून एका पोरीचा आवाज आला.

"आलो की..."

आमच्याकडच्या सगळ्या पोरी असंच म्हणतात. आले नाही, आलो. तिसरीतल्या पोरीचा असावा तसा आवाज. जरा वैतागलेला. खेळातून उठवल्यासारखा.

मग स्लीपरांचा पट्पट् आवाज, उसाच्या दिशेनं लांब जाणारा.

सोनम जगली असती तर तिसरीत असती.

मी बाहेर गेले नाही. वेणी पुरी केली. रिबन बांधली.

मालक घरी आल्यावर सांगितलं. ते जेवत होते. जेवण संपवलं, ताटात हात धुतला. मग म्हणाले,

"बरी हाय म्हणायची मग."

त्यावर आमचं पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही गारगोटीत राहायला आलो. इथं कारखान्याची घरघर नाही. त्यामुळं थांबली तर कळणारही नाही.

आता २००९ चाललंय. शाळेत ती मनालीच आहे. मैत्रिणी दारात उभ्या राहून "मनाली..." अशी हाक मारतात आणि ती पळत बाहेर जाते. मी दारापर्यंत जाऊन प्रत्येकीचं तोंड बघते, मगच आत येते.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, "आई, माझ्या मैत्रिणींसमोर दगडी म्हणत जाऊ नकोस. लाज वाटते."

मी बरं म्हणाले.

तेव्हापासून मी तिला कुठल्याच नावानं हाक मारत नाही. काम असलं की उठते, जवळ जाते आणि तिच्या हाताला हात लावते.