ओल्या निंबाची चौकट

थप्पीवर चढून मी फळ्या पालटत होते. हातातली एक निसटली, ती थेट खालच्या गाडीच्या बैलापुढं आदळली. बैल बुजला, गाडी तिरकी झाली, गाडीवानानं वर पाहिलं.

"वरथून मरण टाकी राहिनी का?"

"मरानं व्हई तर रांगमा उभा ऱ्हाय. पहिले बैल, मंग तू."

हसू त्याच्या ओठापर्यंत आलं… आणि तिथूनच मागं फिरलं. मला वाटलं, केवढा ताठा! ताठा मला कुणी शिकवायला नको होता. दोंडाईच्याच्या स्टेशनामागं माझ्या बापाची, उखर्डू मिस्त्रीची, लाकडाची वखार होती. शाळा मी तिसरीत सोडली, पण फळी ओली की सुकी ते बोटाच्या पेरानं ठोकून सांगायचे. मोठमोठे शेतकरी माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे.

गाडीत निंबाचा बुंधा होता. नव्या घराच्या चौकटीसाठी आणलेला. माणसाचं नाव भटू.

"तोडा कोन्ही?" बापानं विचारलं.

"मोठा भाऊने. गिरधरने."

"तो संगे नही वना?"

भटूनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "तो त्याखालेच दबाई गया."

बापानं इंजिनाचा पट्टा उतरवला. त्या दिवशी आरा चालला नाही. पण मला कुठं गप्प बसवतं? मी म्हटलं, "असं झाड जाळी टाकाले जोयजे."

"आबा म्हनतस, झाडने पोऱ्या खादा, आते घर तरी देवो." एवढं बोलून तो गेला.

दुसऱ्या दिवशी निंब चिरला. कडू भुसा दिवसभर ओठावर बसत होता. फळ्यांच्या टोकांना मी शेण थापलं, मधे पट्ट्या देऊन थप्पी रचली ती शेडच्या सावलीला. निंब उन्हात टाकला की तडकतो. त्याला सावली लागते, वारा लागतो, आणि माणसाला धीर.

भटूला तो नव्हता. दर बाजाराला हजर.

"सुकनं का?"

"लाकूड शे. पापड नही."

मग तो थप्पीशेजारी बसायचा, मी काम करायची. कधी हरभऱ्याचा हिरवा टहाळा आणून ठेवायचा – देत नसे, नुसता ठेवायचा. एकदा म्हणाला, "तुन्हा केसमा भुसा शे."

"ऱ्हाऊ दे. तुले काय तरास?"

"तरास शे…" तो फळीकडं बघत म्हणाला. "ध्यान तठेच जास."

मी मान वळवली. कान तापले होते, ते त्याला दिसू नयेत म्हणून.

उन्हाळा सरत आला. याच्याबरोबरच चिरलेला दुसरा निंब ठणठण वाजू लागला. भटूच्या फळ्या मात्र बद वाजायच्या, आणि त्यांच्यावर काळे डाग धरले होते. माझ्या हातची थप्पी सडते म्हणजे काय? एका दुपारी, माणसं जेवायला गेली तेव्हा, मी सागाच्या ओंडक्याआड बसून राहिले. भटू आला. इंजिनाच्या हौदातून डबा भरला आणि फळ्यांवर ओतला. पुन्हा भरला.

मी त्याचं मनगट धरलं. "लाकूडले फसाडी राहिना?"

त्यानं डबा खाली ठेवला. "चौकट बसनी का मन्हा पाट लावतीन. वहिनीसंगे."

आमच्यात तेव्हा ती रीत होती. थोरला गेला की त्याची बायको धाकट्याच्या पदरी. भटूच्या बापानं, पुना आबानं, नव्या घराच्या उंबऱ्यावरच पाट लावायचं ठरवलं होतं.

मनगट सोडायला हवं होतं… नाही सोडलं. उलट तोंड सुटलं. "बापपुढे बोलानी छाती नही, म्हनिसन फळीवर पानी? मले भित्रा नवरा नको."

"नवरा?"

"ऐकं ते ऐकं."

या वेळी हसू ओठावर आलं, पण टिकलं नाही. "मी नही म्हनं, तर आबा वहिनीले घरबाहेर काढतीन. माहेर नही तिले. कडेवर पोर शे. ती कोठे जाई, सांग."

मी त्याचं मनगट सोडलं.

पुढच्या बाजाराला पुना आबा स्वतः आला. मागं भटू, त्याच्या मागं पोर कडेवर घेऊन सुनंदा – हीच ती वहिनी. आबानं काठीनं फळ्या ठोकल्या. "अजून वल्या?"

माझा बाप माझ्याकडं बघू लागला. मी भटूकडं. तेवढ्यात सुनंदानं काळ्या डागावर हात ठेवला.

"आबा, भाऊजी यावर पानी टाकतस. बाजारथून वल्या बाह्या लिसन घर येतस. मले दिसस." आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "मले चौकट जोयजे. नवरा नको. या झाडने मन्हा धनी लिधा, यानं दार मन्हं शे. मन्ही पोरनं शे."

"बाईना नावे घर?" आबानं काठी उगारली.

भटू मधे आला. "मन्हा वाटा बी तिले द्या. मी आठेच आरावर राबसू."

"घरजावाई?" माझा बाप माझ्याकडं बघत म्हणाला.

"हमाल म्हना."

आबानं काठी खाली टेकली. मग नातीकडं बघितलं. पोर बापाच्या तोंडवळ्याची होती, गिरधर जसाच्या तसा. "घर ऱ्हाऊ दे इले," तो म्हणाला. भटूकडं मात्र पाहिलं नाही. "मन्हासाठे दोन्ही पोऱ्या मरनात." आणि गेला. पुन्हा मरेपर्यंत त्यानं धाकट्याचं नाव घेतलं नाही.

चौकट माझ्या बापानं घडवली. लाकूड कमी पडलं, म्हणून एक डागाळलेली फळी वापरावीच लागली. आमच्या लग्नात नवऱ्याच्या बाजूनं एकटी सुनंदा उभी होती.

भटू आयुष्यभर आऱ्यावर राबला. भुसा त्याच्या छातीत बसला. शेवटी शेवटी श्वास घेताना बोथट आरा लाकडात अडकावा तसा आवाज यायचा, आणि मी पाठ चोळत बसायची. घरजावई म्हणून हसणारे खूप होते. त्यांच्या घरच्या चौकटी कुणी चिरून दिल्या, ते त्यांनाच विचारावं. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

पावसाळ्यात मी सुनंदाकडं जाते. तिचं दार त्या दिवसांत फुगून अडकतं, त्याच काळ्या डागापाशी. ती आतून ओढते, मी बाहेरून खांदा लावते. दोघी म्हाताऱ्या, दार काही लवकर हलत नाही. मग दम खायला थांबते आणि डागावर पेरानं ठोकते. बद वाजतं.

"सुकनं का?" ती आतून विचारते.

"लाकूड शे," मी म्हणते. "पापड नही."