भिंतीमागचं कोरं कापड

ढिगाऱ्याखालून माळ्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. त्याच संध्याकाळी मुकादमाला चौकीत बसवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फौजदारांनी माती तपासणाऱ्या बाईंना फोन लावला.

“मातीबाई, ताबडतोब या. दुपारी मुकादमाला कोर्टात उभं करायचंय. मुकादमाने कापड नीट लावलं नाही म्हणून भिंत पडली, एवढी एक ओळ लिहून द्या.”

“न बघताच?”

“बघायचं काय त्यात? ठेकेदार तेच सांगतोय, घरमालक तेच सांगतोय.”

“मग त्यांच्याच सह्या घ्या की,” असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि बूट चढवले.

तीस वर्षं माती चाळण्यात गेली होती. मातीबाई हे नाव कुणीतरी चेष्टेने ठेवलं आणि ते चिकटलं. बाईंनीही ते कधी खरवडून काढलं नाही.

घर उतारावर होतं. वर बाग, खाली पांढऱ्याशुभ्र फरशीचं अंगण, आणि दोहोंमध्ये दीड पुरुष उंचीची दगडी भिंत. तिचा निम्मा भाग अंगणात कोसळला होता. घराचे मालक वकील होते. ते फाटकातच आडवे उभे राहिले.

“आता ह्या कोण? अजून किती जण माझी फरशी तुडवणार?”

“माणूस मेलाय इथं,” बाई म्हणाल्या.

“मला माहीत आहे. मीच फोन केला होता.”

ठेकेदार पुढे झाला. “मॅडम, माल मी एक नंबर दिला होता. ते बघा, कसं लोंबतंय. ही काय लावायची पद्धत झाली?”

भिंत पडली होती तिथे राखाडी, घोंगडीसारखं जाड कापड वरच्या खुंट्यांना लटकत होतं. त्याला जिओटेक्स्टाइल म्हणतात, पण कामावर सगळे नुसतं कापडच म्हणतात. भिंतीमागे हाताने रचलेले गोटे, त्यावर हे कापड आणि मग माती. कापड मातीला अडवतं आणि पाण्याला वाट देतं. ते पाणी गोट्यांतून उतरतं आणि भिंतीत ठेवलेल्या नळ्यांतून बाहेर पडतं.

बाईंनी टेप काढला. दोन पट्ट्या एकमेकींवर चांगल्या हातभर चढवल्या होत्या. खुंट्याही बरोबर अंतरावर होत्या. मग त्यांनी कापडाची मातीकडची बाजू उलटून पाहिली.

ती कोरी होती. दुकानातून आणल्यासारखी.

बाईंनी नखाने खरवडून पाहिलं आणि कापड सोडून दिलं.

फौजदार मुकादमाला जीपमधून घेऊन आले. तो उतरताच मागच्या खोलीतून एक बाई तीरासारखी धावत आली. ती माळ्याची बायको आणि मुकादमाची सख्खी थोरली बहीण.

“आलास? माझं घर बुडवलंस आणि वर तोंड दाखवायला आलास?”

“ताई, अगं ऐक तरी...”

“ताई म्हणू नकोस मला!”

हवालदाराने तिला मागे ओढलं. मातीबाईंनी मुकादमाला बाजूला घेतलं.

“मागची माती तुझ्या डोळ्यांदेखत भरली का?”

“नाही. कापड लावून झालं आणि वकीलसाहेबांनी मला खालच्या नळाच्या कामावर पिटाळलं. माती भाऊजींनी भरली.”

“काम अर्ध्यावर सोडून गेलास?”

“हुकूम होता, बाई. आणि भाऊजी काय परके होते?” त्याने मान खाली घातली.

बाई वर बागेत चढल्या. एका कोपऱ्यात कमरेइतका खोल, गोल खड्डा होता. काठाला घडीव दगड लावलेले, तळाला उघडी माती.

“हे काय?” त्यांनी वरूनच विचारलं.

“कमळांचं तळं करणार होतो,” वकील खालून ओरडले. “राहून गेलं. त्याचा भिंतीशी काय संबंध?”

“काही नाही. पावसाळाभर भिंत कशी होती?”

“ठणठणीत! चार महिन्यांत त्या नळ्यांतून एक थेंब नाही आला. माझ्या फरशीवर डाग म्हणून पडला नाही. या मुकादमाचं तेवढं एकच काम धड झालं होतं म्हणा.”

“आणि पडली किती वाजता?”

“सकाळी आठला. आवाज ऐकला, धावत आलो, लगेच फोन केला.”

फौजदारांनी वही पाहिली. “आठ वाजून दहा मिनिटं. बरोबर.”

माळ्याची बायको पायरीवर बसली होती. बाई तिच्याजवळ जाऊन टेकल्या.

“तू आवाज ऐकलास?”

“ऐकला की. पोरांची शाळेची गाडी तेवढ्यात गेली होती. सव्वासात असतील. मला वाटलं, दगडाचा ट्रक रिकामा करतायत.”

“घड्याळ पाहिलंस?”

“घड्याळ कशाला बघू? गाडी कधी चुकत नाही.”

बाई उठल्या. “फौजदार, दोन मजूर द्या. उभ्या राहिलेल्या भिंतीमागे खणायचंय.”

“माझी बाग उकरायची नाही!” वकील कडाडले. “कोर्टात खेचीन एकेकाला!”

“कोर्टातच जायचंय आपल्याला,” बाई म्हणाल्या. “खणा रे.”

हातभर माती निघाली आणि फावडं कशाला तरी घासून सटकलं. काळं, जाडजूड प्लास्टिक होतं. मागून चिखलपाणी भसकन वर आलं. पडलेल्या भागाकडची प्लास्टिकची कड सुरीने सरळ कापलेली होती.

ठेकेदाराने कपाळाला हात लावला. “हा माझा माल नाही हो!”

“नाहीच तुमचा. तळ्यात अंथरायचं प्लास्टिक आहे हे.” बाई वकिलांकडे वळल्या. “चार महिने मातीला टेकलेलं कापड कोरं राहत नाही. म्हणजे दोघांच्या मध्ये काहीतरी होतं. नळ्यांतून थेंब आला नाही, याचा तुम्हाला अभिमान वाटतो. पण त्या नळ्या पाणी येण्यासाठीच असतात, साहेब. सुरुवातीला थोडं गढूळ येतं, मग स्वच्छ. तुम्हाला त्याचीच धास्ती होती. पांढऱ्या फरशीवर डाग नकोत म्हणून मुकादमाला खाली पाठवलंत आणि तळ्याचं प्लास्टिक माळ्याकडून भिंतीला लावून घेतलंत. पाणी आत तुंबलं, माती फुगली, भिंतीला ढकलून मोकळी झाली.”

“तर्क आहेत हे! ठेकेदारानेही लावलं असेल.”

“भिंत सव्वासातला पडली. फोन आठ दहाला झाला. मधल्या तासाभरात हे प्लास्टिक कापून नेलं गेलं. ते तिथं आहे हे माळ्याशिवाय फक्त तुम्हालाच ठाऊक होतं ना?”

फौजदारांनी हवालदाराला खूण केली. तो गॅरेजमध्ये शिरला आणि चिखलाने माखलेली काळी घडी फरफटत घेऊन आला. पांढऱ्या फरशीवर लांबलचक पट्टा उमटला.

“लावलं त्याने स्वतःच्या हाताने!” वकिलांचा आवाज चिरकला. “मी फक्त सांगितलं. आणि तो... तो आधीच गेला असणार.”

“असणार?” माळ्याची बायको उठली. “तुम्ही बघितलं का?”

वकील एक पाऊल मागे सरले.

“हाक तरी मारलीत?”

वकिलांनी नजर चुकवली. ती त्यांच्या अंगावर धावली नाही की ओरडली नाही. नुसती मातीबाईंकडे वळली.

“ताई, तेव्हाच काढलं असतं तर?”

खोटं सांगणं सोपं होतं. “फौजदारांकडच्या कागदात डॉक्टरांनी लिहिलंय, तो लगेच गेला नाही,” बाई म्हणाल्या.

फौजदारांनी वकिलांना जीपकडे नेलं आणि मुकादमाचे हात मोकळे केले. तो बहिणीसमोर जाऊन उभा राहिला.

“तू तिथं थांबला असतास,” ती म्हणाली, “तर ते प्लास्टिक लावू दिलं असतंस?”

“नाही.”

“मग का गेलास?”

तिने पदराने तोंड पुसलं.

“घरी चल. पोरं मामा मामा करतायत. माझ्याशी मात्र एवढ्यात बोलू नकोस.”

ती पुढे चालू लागली. चार पावलं अंतर ठेवून तो तिच्या मागे गेला.