तीन मुक्ता

विदर्भातल्या सहावी ते आठवीच्या शाळा उन्हामुळे कायमच्या बंद झाल्या त्याला आता चार वर्षं होत आली होती. मुलं घरीच शिकायची. कोणत्या ऑनलाइन अभ्यासक्रमात शिकायचं ते मात्र आईबापांना ठरवावं लागे. त्यासाठीच कुंदा वानखेडे आपल्या अकरा वर्षांच्या मुक्ताला घेऊन चंद्रपूरच्या निवड केंद्रात आली होती. मुक्ताला बाहेरच्या बाकावर बसवून ती एकटीच आत गेली.

"गेले पंधरा दिवस मुक्ता आमच्या यंत्राशी गप्पा मारत होती," केंद्राचे डॉ. सुमेध तिरपुडे सांगू लागले. "ती कुठं अडखळते, कशाला हसते, काय विसरते, हे सगळं टिपून आम्ही तिच्या मनाची हुबेहूब प्रत संगणकात तयार केली. तिला आम्ही प्रतिमन म्हणतो. अशा तीन प्रती तीन अभ्यासक्रमांना बसवल्या. आपली एकच सकाळ गेली, पण त्यांची तीन वर्षं झाली. चौदा वर्षांची मुक्ता कशी असेल, ते आता तुम्हीच बोलून बघा."

पडद्यावर पहिली मुक्ता उमटली. चेहरा उभट झालेला, केस घट्ट बांधलेले.

"कशी आहेस गं?" कुंदाने विचारलं.

"ठीक. काही प्रश्न असतील तर विचारा."

विचारा! पोटची पोर आपल्याला अहो-जाहो करतेय, हे कुंदाच्या ध्यानात यायलाच वेळ लागला. दुसरी मुक्ता तर बोललीच नाही. भूमितीची आकृती पुरी करून ती पुढच्या सूचनेची वाट बघत राहिली.

तिसरीचे गुण सगळ्यांत कमी होते. ती कुंदाकडे टक लावून बघत होती.

"आई? तू इतकी वर्षं कुठं होतीस?"

"म्हणजे?"

"शिक्षक यायचे, धडे यायचे. मी रोज तुला हाका मारायचे. तू आलीच नाहीस."

कुंदाने गर्रकन डॉक्टरांकडे वळून पाहिलं. त्यांनी आवाज बंद केला.

"प्रतिमनात फक्त मूल आणि अभ्यास असतो, ताई. घरची माणसं घातली तर हिशेब आवाक्याबाहेर जातो. म्हणून ती आम्ही गाळतो."

"मग त्या दोघींनी का नाही विचारलं?"

"त्यांनी पहिल्याच वर्षी विचारायचं सोडलं. त्यानंतरच त्यांची प्रगती झाली. बहुतेक पालक पहिला अभ्यासक्रम घेतात."

कुंदाने यादीतल्या तिसऱ्या अभ्यासक्रमावर बोट ठेवलं. "हाच. आणि हिचं काय होणार?"

"निवड झाली की तिघींनाही बंद करायचं. चालू ठेवली तर ही वाटच बघत राहील."

 कुंदाने आवाज सुरू करायला सांगितला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"दमलीस ना? डोळे मीट बघू. मी इथंच बसलेय."

"जाणार नाहीस ना?"

"नाही गं."

मुक्ताने लगेच डोळे मिटले. कुंदाने मान हलवली, डॉक्टरांनी कळ दाबली आणि पडदा काळा झाला.

दारावर टकटक झाली. "आई, झालं का? चल ना," बाहेरून मुक्ता म्हणाली.

कुंदाला खुर्चीतून उठवेना.