पिंजऱ्यातला प्रोग्राम

लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसापाशी मी मन मोकळं केलं, तिथंच सगळी गडबड झाली.

"सुरक्षा विभागात एक नकारघंटा बसलाय," मी म्हटलं. "रुग्णांनी पाठवलेल्या फाइली डॉक्टरांना उघडून दाखवणारा प्रोग्राम लिहिलाय मी. त्याला हॉस्पिटलचं अख्खं फोल्डर वाचू द्या म्हटलं, की स्वारीचं आपलं एकच... नाही."

"अख्खं कशाला हवंय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"नकारघंटा मीच," तो म्हणाला. हसत होता मेला — आणि वर गालाला खळी.

मग मी रोज त्याच्या टेबलाशी भांडायला जाऊ लागले. भांडण संपलं तरी उठत नसे, हा भाग वेगळा.

"प्रोग्राम तुमचा गुणी आहे हो," तो समजवायचा. "पण बाहेरची फाइल त्याला फितवू शकते. म्हणून पिंजरा. समोरची एक फाइल वाचायची, पडद्यावर दाखवायची, बस्स. हा नियम खुद्द सिस्टिम पाळून घेते. मालकालाही मोडता येत नाही."

"आणि मालकिणीला?"

"तिला तर मुळीच नाही."

एका दुपारी नको तेच झालं. कुणीतरी मुद्दाम पाठवलेली विषारी फाइल माझ्या प्रोग्रामनं उघडली आणि तो परक्याच्या तालावर नाचू लागला. हजारो रुग्णांचे रिपोर्ट त्याच मशीनवर. बाहेर गेले असतील तर?... मी धावत त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. त्यानं प्रोग्रामच्या नोंदी पाहिल्या, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या.

"फोल्डर मागितलं, मिळालं नाही. नेट मागितलं, तेही नाही. एकही रिपोर्ट हललेला नाही."

हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. माझा हट्ट यानं पुरवला असता तर?

त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यातलं अर्धं पाणी आधी स्वतःच प्यायला होता.

"तू पण घाबरलास?" त्याला ‘तुम्ही’ म्हणणं कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"खूप. एक फट राहिली असती तर..." त्यानं ग्लास माझ्या हातात ठेवला. "पण तुला रोज नाही म्हणताना याहून जास्त भीती वाटायची. वाटायचं, उद्यापासून यायचीच नाहीस."

"मग आता एकदा हो म्हण."

"कशाला?"

"ते नंतर. आधी हो."

साधी विनंतीही तीनतीनदा वाचणारा तो माणूस माझ्याकडे बघत राहिला.

"हो," म्हणाला.

मी त्याचा हात धरला. तो सोडायचा नाही, एवढंच तर मागायचं होतं.