मावळतीची घोडदौड

भाजीवाल्यासाठी चौथ्या मजल्यावरून दोरीने टोपली सोडायची आणि भरली की वर ओढायची, हा नाहिदचा रोजचा शिरस्ता. पण त्या संध्याकाळी नेमका बुंदुक उधळला. जन्मात घराचा उंबरा न ओलांडलेलं मांजर ते, पण मावळतीला सुटलेला घोडाच! सोफा, पडदा, कपाट... आणि थेट दोरीवर झडप. टोपली कलंडली आणि पिकलेले टोमॅटो तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, एका पांढऱ्याशुभ्र शर्टावर.

"अहो, मी सॅलड मागवलं नव्हतं!"

मान वर झाली. डोळे हसरे होते... नाहिद कठड्यावरून आणखी खाली वाकली.

"मांजराने केलं हो—"

"म्हणजे रोज माझ्या छतावर धडधडतं ते तुमचंच? मी रम्झी, नवा भाडेकरू."

"तीन दिवस सोसा," आत बसलेल्या मावशीकडे नजर टाकत ती म्हणाली. "गुरुवारी खाला त्याला मासळीबाजारात सोडणार आहे. म्हणते, मगरिबच्या नमाजाआधी, दिवस मावळताना त्याच्या अंगात जिन्न शिरतो." मग तिने डोळे पुसले. "पण मी सोडू देणार नाही!"

रम्झीने मासे पकडायची जुनी काठी आणली, टोकाला पीस बांधलं आणि टोपलीत ठेवली. "घरात कोंडलेल्याला शिकार कुठली मिळणार? अर्धा तास या पिसामागे पळवा, मग पोटभर सार्डिन मासे. बघू, जिन्न कुठे राहतो ते!"

नाहिदने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली. दोन दिवस हात भरून आले, गुडघे सोलून निघाले.

"दमलात?" खालून विचारणा व्हायची.

"मुळीच नाही!"

टोपली मात्र हल्ली तिसऱ्या मजल्याशी उगाचच रेंगाळायची.

गुरुवारी खाला घड्याळ धरून बसली. खेळून, खाऊन बुंदुक तिच्याच मांडीवर चढला आणि घोरू लागला. घर चिडीचूप. खालाचा हात नकळत त्याच्या पाठीवरून फिरत होता.

तेवढ्यात जिना दणाणला. दारात रम्झी — एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

"वरून काहीच आवाज नाही... नेलं त्याला? मी आत्ता शोधून आणतो! तुम्ही फक्त... रडू नका. तुम्ही रडलात की मला खाली बसवत नाही, नाहिद."

नाहिद दारात त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. हाच तो, दुसरा कुणी नाही, हे तिला त्या क्षणी पक्कं कळलं.

"या अल्लाह!" खाला ओरडली. "आता याच्या अंगात काय शिरलं?"

"काहीही असू दे, खाला," दारातून तसूभर न हलता नाहिद म्हणाली. "ते उतरवायचं नाही. मला हवंय."